वाफेंतून स्फटिक



यवतमाळ जिल्ह्यांतील आर्णी हें गांव अरुणावती नदीच्या कांठीं वसलेलें आहे. त्या भागांतला एखादा काळा दगड उचलून पाहावा. स्फटिक जन्माला येण्याचे जे तीन मार्ग शास्त्रज्ञ सांगतात, त्यांपैकीं दोन त्या एका दगडांतच पाहावयास मिळतात. हा काळा कातळ म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेला लाव्हा. तो थिजतांना त्यांत बारीक बारीक स्फटिक एकमेकांत गुंतत गेले. दगडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखालीं धरली, म्हणजे ते दिसतात. हा पहिला मार्ग वितळलेल्या रसाचा. त्याच कातळांत वायूच्या बुडबुड्यांमुळें पोकळ्या राहिल्या, पुढें त्यांतून खनिजें विरघळलेलें पाणी झिरपत राहिलें, आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर गारेचे आणि दुसऱ्या कांहीं खनिजांचे स्वच्छ खडे बसले. हा दुसरा मार्ग पाण्याचा. दोऱ्यावर खडीसाखर चढविणारा कारागीर याच मार्गानें जातो.

तिसरा मार्ग वाफेचा. तो पाहण्यासाठीं नदीकांठ सोडून घरांत यावें लागतें. देवघरांतील कापराची बरणी एका बाजूनें उन्हांत राहिली, तर कांहीं दिवसांनीं वड्या झिजलेल्या आणि बरणीच्या थंड अंगाला चकचकीत कण चिकटलेले आढळतात. कापूर वितळलेला नसतो. तो घन रूपांतून एकदम वाफ झाला, आणि जेथें गारवा मिळाला तेथें पुन्हां घन झाला. कापूर उडूं नये म्हणून त्यांत मिरें टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मिऱ्यांपेक्षां घट्ट झांकणाचा गुण अधिक, असें माझें मत आहे. परंतु वडील मंडळींशीं या बाबतींत वाद घालण्याची माझी तयारी नाहीं.

दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तापलेल्या पितळी पातेल्यांत तो कापसाच्या बोळ्यानें नवसागर फिरवितो आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. हा नेहमींचा धूर नव्हे. उष्णतेनें नवसागर फुटून त्याचे दोन वायु होतात, एक अमोनिया आणि दुसरा हायड्रोक्लोरिक आम्लाचा. भांड्याबाहेरच्या गार हवेंत येतांच ते पुन्हां एकमेकांस मिळतात, आणि नवसागराचेच असंख्य सूक्ष्म स्फटिक हवेंत तरंगूं लागतात. कापूर जसाच्या तसा उडाला होता. नवसागर मात्र फुटला, वायुरूपानें प्रवास करून गेला, आणि दुसऱ्या जागीं पुन्हां जुळला. तापलेल्या जागेकडून गार जागेकडे होणाऱ्या या बाष्परूप वाहतुकीवर आज जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांत काम चालतें, आणि त्यांतून डोळ्यांना न दिसणारे तंतु, फिती व नळ्या वाढविल्या जातात. आपल्या देशांतील रसवैद्यांनीं हीच वाहतूक कांचेच्या एका कूपींत शेंकडों वर्षें केली. तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

या कूपींत तयार होणाऱ्या औषधाचें नांव रससिंदूर. प्रथम शुद्ध केलेला पारा आणि गंधक खलांत घालून घोटतात. पारा रुप्यासारखा, गंधक पिवळा. परंतु घोटतां घोटतां दोन्ही रंग नाहींसे होतात आणि काजळासारखी काळी भुकटी उरते. म्हणून तिचें नांव कज्जली. ती तळहातावर घेऊन थेंबभर पाण्यानें चोळावी आणि उन्हांत धरावी. पाऱ्याचा एक कणही चमकला तर पुन्हां खलांत घालावी. नंतर तिला वडाच्या कोंबांच्या किंवा कोरफडीच्या रसाची भावना देऊन वाळवितात.

आतां कूपी. तेराव्या-चौदाव्या शतकांतला मानला जाणारा ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ कापड व माती यांनीं लपेटलेली कांचेची कूपी सांगतो. अलीकडच्या काळांत वैद्य लोक बियरची जाड बाटली वापरूं लागले. सोंवळ्या वैद्याच्या घरीं ती रिकामी होऊन कोठून येई, हा प्रश्न विचारावयाचा नसतो! बाटलीवर कापडमातीचे सात लेप, प्रत्येक लेप वाळल्यावर दुसरा. आंत कज्जली एक तृतीयांशच भरावयाची. मग बाटली एका भांड्यांत उभी करून सभोंवतीं वाळू भरतात. हें वालुकायंत्र. वाळूमुळें आंच सर्व बाजूंनीं सारखी लागते आणि कांचेला एकदम झळ बसत नाहीं.

विस्तव प्रथम मंद, नंतर मध्यम, शेवटीं तीव्र. प्रारंभीं गंधक वितळतो, जास्तीचा गंधक वाफ होऊन गळ्याशीं सांचतो, तोंडाशीं निळी ज्योत दिसूं लागते. खरी कसोटी येथेंच असते. गळा बुजला तर आंतल्या दाबानें बाटली फुटते आणि पाऱ्याची वाफ माणसाच्या अंगावर येते. यासाठीं वैद्य लोखंडी सळई तापवून गळ्यांत फिरवितो व सांचलेला गंधक जाळून वाट मोकळी करतो. ज्योत मावळली, बूड उगवत्या सूर्यासारखें तांबडें दिसूं लागलें, म्हणजे तोंडावर तांब्याचें नाणें धरून पाहावयाचें. नाण्यावर रुपेरी झांक आली, तर पारा निसटूं लागला असें समजून तत्काळ खडूचें बूच बसवावयाचें आणि गूळ-चुन्यानें तोंड लिंपून टाकावयाचें. क्षणभर लवकर बूच बसविलें तर आंत उरलेला गंधक घात करतो. उशीर झाला तर पाराच निघून जातो. ही वेळ साधण्यासाठीं रात्र रात्र भट्टीपाशीं बसून काढावी लागे.

बूच बसल्यावर वैद्य एक गोष्ट करतो, ती फार महत्त्वाची आहे. गळ्याभोंवतालची वाळू तो दूर सारतो. बूड धगधगत्या वाळूंत आणि गळा उघड्या हवेंत, अशी बाटलीचीं दोन टोंकें दोन निराळ्या उष्णतेंत ठेवून आंच वाढवितो. मग भट्टी आपोआप निवूं द्यावयाची. ग्रंथांतला शब्द ‘स्वांगशीत’ असा आहे. दुसऱ्या दिवशीं बाटलीला घासलेटांत भिजविलेला दोरा बांधून पेटवितात, वर ओला कपडा टाकतात, आणि कांच नेमकी त्या रेषेवर तडकते. बुडाशीं घातलेली काळी कज्जली आतां तेथें नसते. गळ्याशीं एक जड, काळसर तांबडी, चकाकणारी वडी जमलेली असते. ती मोडली तर कडेला उभ्या तंतूंसारखे स्फटिक दिसतात. कुटली तर लालभडक चूर्ण होतें.

या चमत्काराचा उलगडा आजचें रसायनशास्त्र असा करतें. सुमारें ५८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास पाऱ्याचें हें संयुग उडूं लागतें. वाफेंत तें अखंड राहत नाहीं. नवसागराप्रमाणेंच फुटतें, पारा निराळा आणि गंधक निराळा असा वर चढतो, आणि गार गळ्याशीं दोघे पुन्हां एक होतात. मात्र पूर्वीची काळी मांडणी सोडून अणु आतां नव्या, तांबड्या मांडणींत बसतात. पारा तोच, गंधक तोच, घडण वेगळी. खाणींतून निघणारा हिंगूळही हाच पदार्थ होय. म्हणजे निसर्गाला जें करण्यास भूगर्भांत युगें लागलीं, तें वैद्यानें एका बाटलींत दीड-दोन दिवसांत केलें. उष्णतामापक त्याच्यापाशीं नव्हता. त्याऐवजीं ग्रंथ सांगतो कीं, यंत्राच्या झांकणावर ठेवलेलें गवताचें पातें जळेपर्यंत आंच द्यावी. हा उष्णतामापक ओबडधोबड खरा, पण सर्वत्र फुकट मिळणारा, आणि एका गांवची कृति दुसऱ्या गांवीं करूं देणारा आहे.

ही विद्या प्रथम कोणी काढली? विदर्भांतल्या माणसाला हें विचारलें तर तो रामटेककडे बोट दाखवील. रामटेकजवळ नागार्जुनाच्या नांवाची टेकडी आहे, आणि तेथें सिद्ध नागार्जुनानें पाऱ्याची साधना केली अशी समजूत आहे. सातव्या शतकांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग हाही कोसल देशाच्या वर्णनांत दगडांचें सोनें करणाऱ्या नागार्जुनाची कथा सांगतो. उलट, अकराव्या शतकांतला अल्बेरुणी म्हणतो कीं, नागार्जुन हा सोमनाथाजवळच्या दैहक नांवाच्या स्थळचा, आणि आपल्या पूर्वीं सुमारें शंभर वर्षांचा. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन तर याहून फार प्राचीन. एका नांवाखालीं निदान दोन-तीन माणसें उभीं आहेत, हें उघड आहे. रामटेकच्या टेकडीचा मान यानें कमी होतो असें मी समजत नाहीं; परंतु टेकडीचें नांव म्हणजे पुरावा नव्हे. अल्बेरुणीनें रसायनविद्येची चेष्टाही केली आहे. सोनें करण्याच्या हव्यासापायीं राजे लोक काय काय करतात हें त्यानें मोठ्या तिटकाऱ्यानें लिहिलें आहे, आणि त्या बाबतींत मी त्याच्या बाजूचा आहें.

नागार्जुनापेक्षां मला जवळचा वाटतो तो जुनागडचा यशोधर. ‘रसप्रकाशसुधाकर’ हा त्याचा तेराव्या शतकांतला मानला जाणारा ग्रंथ. आपण लिहितों त्यांतलें पुष्कळसें स्वतःच्या हातानें करून पाहिलें आहे, नुसतें ऐकून लिहिलेलें नाहीं, असें तो बजावतो. ज्या वाङ्मयांत प्रत्येक वाक्य शिवपार्वतीच्या संवादावर ढकलण्याची प्रथा, त्यांत एका माणसानें ‘हें मीं केलें’ असें म्हणावें, ही लहान गोष्ट नव्हे.

हे ग्रंथ आपल्यापर्यंत आले कसे, तेंही सांगितलें पाहिजे. पुण्याच्या आनंदाश्रमानें ‘रसरत्नसमुच्चय’ १८९० सालीं छापला. महादेव चिमणाजी आपट्यांनीं १८८८ सालीं ही संस्था काढली, तेव्हां हस्तलिखितें घरोघरीं वाळवीच्या स्वाधीन होत होतीं. पुढें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं मुंबईस राहून ‘रसहृदयतंत्रा’सारखे ग्रंथ प्रसिद्ध केले. पनवेलचा श्रीधूतपापेश्वर कारखाना १८७२ सालचा. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं तो काढल्यापासून कूपींतलीं औषधें वैद्याच्या अंगणांतून निघून बाजारांत आलीं. आणि कलकत्त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ सालीं हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांच्या उत्तेजनानें ते या कामास लागले होते. राय स्वतः पाऱ्याच्या संयुगांवर काम करणारे. पोथींतील कृति वाचतांना त्यांच्या डोळ्यांसमोर खरी भट्टी होती, नुसतें व्याकरण नव्हतें, म्हणूनच त्यांचा ग्रंथ टिकला.

युरोपांत याच सुमारास निराळ्या वाटेनें हाच विषय पुढें आला होता. १८५२ सालीं बुन्सेन यांनीं दाखविलें कीं, ज्वालामुखींच्या वायूंत हायड्रोक्लोरिक आम्ल असलें म्हणजे एरवीं न उडणारें लोखंडाचें ऑक्साइडही वायूच्या पाठीवर बसून दुसरीकडे जातें व तेथें स्फटिकरूपानें बसतें. १९२५ सालीं हॉलंडांत व्हॅन आर्केल आणि द बोअर यांनीं आयोडिनाच्या साहाय्यानें टायटॅनियम, झिर्कोनियम यांसारख्या धातु तापलेल्या तारेवर शुद्ध स्वरूपांत उतरविल्या. पुढें हॅलोजन दिव्यांत हीच युक्ति आली. तारेवरून उडालेलें टंगस्टन आयोडिनाच्या खांद्यावर बसून पुन्हां तारेकडे येतें. जर्मनींत हॅराल्ड शेफर यांनीं १९६२ सालीं या सर्व क्रियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोणता पदार्थ, कोणत्या वायूबरोबर, गारव्याकडे जाईल कीं उष्णतेकडे, आणि किती वेगानें, हें आतां आधीं गणित करून सांगतां येऊं लागलें. जुन्या वैद्याला हें गणित ठाऊक नव्हतें. कृति त्याच्या हातांत होती. पण ती एका पदार्थावरून दुसऱ्या पदार्थावर नेण्याचें साधन नव्हतें.

जस्ताची कथा यासाठीं पाहण्यासारखी आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ वांग्याच्या आकाराची मूस सांगतो. तींत रसक, म्हणजे जस्ताचें खनिज, घालून फुंकावें, आणि ज्योतीचा निळा रंग पांढरा झाला कीं मूस सांडशीनें धरून उपडी करावी, म्हणजे कथिलासारखें सत्त्व पडतें. मेवाडांत जावर येथें अशाच वांग्याच्या आकाराच्या मुशींचे ढीग सांपडले असून तेथें जस्त मोठ्या प्रमाणावर गाळलें जात होतें. इंग्लंडांत ब्रिस्टलच्या चॅम्पियन यांनीं त्यासाठीं पेटंट घेतलें तें १७३८ सालीं. हवेंत जळणाऱ्या जस्ताचा जो पांढरा, लोंकरीसारखा धूर होतो, तो युरोपांतील किमयागारांनीं ‘तत्त्वज्ञांची लोंकर’ म्हणून जमविला. २००१ सालीं अमेरिकेंत अटलांटा येथें झोंग लिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हेंच जस्ताचें ऑक्साइड नळीच्या भट्टींत तापविलें, वाफ आर्गॉन वायूच्या मंद प्रवाहानें गार भागाकडे नेली, आणि तेथें ठेवलेल्या तबकडीवर फिती वाढलेल्या पाहिल्या. त्यांची रुंदी ३० ते ३०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. उष्ण बूड आणि गार गळा, वाहतूक तीच. परंतु उष्णता, दाब आणि वायूचा वेग हीं तिन्ही या वेळीं मापून ठेवलेलीं होतीं.

आपल्या मुंबईंतही ही वाट चालली गेली आहे, आणि तीही देवघरांतल्या कापरावरूनच. पवईच्या आय. आय. टी.मध्यें प्राध्यापक महेश्वर शेरॉन यांनीं कापराच्या वाफेपासून कार्बनाचे सूक्ष्म आकार मिळविण्याचें काम केलें. तें पुढें नेणारे मुकुल कुमार यांनीं जपानांत नागोयाच्या मेइजो विद्यापीठांत योशिनोरी आंदो यांच्याबरोबर कापरापासून कार्बनाच्या नॅनोनलिका वाढविल्या. कापराची वाफ तापलेल्या नळींत नेली कीं ती फुटते, आणि लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर कार्बन थरावर थर बसून नळी वाढत जाते. खनिज तेलापासून मिळणाऱ्या वायूंच्या ऐवजीं झाडापासून मिळणारा पदार्थ चालतो, हें त्यांतलें मर्म.

येथें एका आवडत्या बढाईविषयीं बोलणें भाग आहे. आपल्याकडे हल्लीं वारंवार ऐकूं येतें कीं, नॅनोविद्या आमच्या पूर्वजांना ठाऊकच होती, पाहा, मकरध्वज! मकरध्वज म्हणजे कज्जलींत सोनें घालून केलेला रससिंदूर. आणि १९६४ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत वॅग्नर आणि एलिस यांनीं सिलिकनाच्या वाफेंतून केंसासारखे तंतु वाढविले, तेव्हां तेथेंही सोनेंच वापरलें होतें. दोन्हीकडे वाफ, दोन्हीकडे सोनें. मग आणखी काय पाहिजे?

पुष्कळ पाहिजे. वॅग्नर-एलिस यांच्या प्रयोगांत सोन्याचा वितळलेला थेंब वाफेंतलें सिलिकन पिऊन घेतो, आणि त्या थेंबाच्या खालून तंतु वाढतो. थेंब तंतूच्या टोंकावर स्वार होऊन वर जातो. सोनें काढून टाका, तंतु वाढत नाहीं. मकरध्वजाच्या कूपींत सोनें गळ्यापर्यंत पोंचतच नाहीं म्हटलें तरी चालेल. सोनें उकळण्यास अडीच हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. वाळूच्या भट्टींत ती कोठली? तें बुडाशीं राहतें, आणि शहाणे वैद्य तें परत काढून घेतात. गळ्याशीं जमतें तें पाऱ्याचें तेंच तांबडें संयुग, जें सोनें न घातलेल्या कूपींत जमतें. नुसत्या सारखेपणावरून पूर्वजांना श्रेय देणें म्हणजे त्यांनीं खरोखर जें केलें त्याकडे पाठ फिरविणें होय. गळ्याभोंवतालची वाळू दूर सारण्याची युक्ति, तांब्याच्या नाण्याची परीक्षा, गवताच्या पात्याचा उष्णतामापक, या त्यांच्या स्वतःच्या गोष्टी आहेत, आणि त्यांची थोरवी सांगण्यास नॅनो हा शब्द लागत नाहीं.

बढाईचें दुसरें अंग अधिक गंभीर आहे. ‘सूक्ष्म कण’ हे शब्द उच्चारले कीं, पारा हें विष आहे याचा लोकांना विसर पडतो. २००८ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय संशोधकांनीं इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांचे नमुने तपासले, तेव्हां सुमारें पांचांत एका नमुन्यांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला. कण लहान असणें हें निर्दोषपणाचें प्रमाणपत्र नव्हे. पाऱ्याच्या दोषांवर आमच्या ग्रंथकारांनीं पानेंच्या पानें खर्चिलीं आहेत. त्यांना जी भीति वाटत होती ती त्यांच्या अभिमान्यांना वाटूं नये, याचें आश्चर्य वाटतें.

मकरध्वजांत सोन्याचें प्रयोजन काय, हा प्रश्न वैद्यांच्या मंडळींत जुनाच आहे. कोणी म्हणतात सोन्याचा संस्कार उतरतो, कोणी म्हणतात ती केवळ परंपरा. त्यावर ग्रंथांचे आधार काढून वाद घालण्यापेक्षां यशोधराची रीत बरी. एकाच वालुकायंत्रांत दोन कूपी शेजारीं शेजारीं ठेवाव्या. एकाच खलांतली कज्जली दोन्हींत वजन करून घालावी. एकींत सोनें घालावें, दुसरींत घालूं नये. आंच एक, वेळ एक, बूच एकाच घटकेला. निवल्यावर दोन्ही गळे फोडून दोन्ही वड्या तराजूंत आणि क्ष-किरणांखालीं घालाव्या, आणि बुडाशीं राहिलेलें सोनेंही पुन्हां तोलून पाहावें.